मॅनेजरला जमत नाही आणि कंपनीचंही भागत नाही: अशा नोकरीत काम कसं करायचं

मॅनेजर कच्चा असणं आणि कंपनी अडचणीत असणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. दोन्ही एकाच ऑफिसात वाट्याला आली की गल्लत होते. सगळा राग मॅनेजरवर निघतो आणि पैसा संपत चाललाय हे लक्षातच येत नाही. किंवा उलटं होतं: कंपनीला दिवस कठीण आहेत म्हणून मॅनेजरचा रोजचा गोंधळ माणूस मुकाट्याने गिळतो. कंपनीकडे पैसा असेल तर कच्च्या मॅनेजरच्या हाताखाली वर्ष-दोन वर्षं नीट काढता येतात, त्यात शिकताही येतं. पैसा नसेल तर उत्तम मॅनेजरही तुमचा पगार वाचवू शकत नाही. म्हणून रोजचं काम कसं करायचं ते मॅनेजर पाहून ठरवा आणि किती दिवस थांबायचं ते पैसा पाहून. मॅनेजर सुधारेल या आशेवर मुक्काम लांबवू नका.

पुढचं सगळं इंदुरातल्या दहा ते पन्नास माणसांच्या नव्या कंपन्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. विजयनगर, भंवरकुआँ, सुपर कॉरिडॉर या पट्ट्यात अशा कंपन्या भरपूर आहेत. सॉफ्टवेअरची उदाहरणं घेतली आहेत, पण मार्केटिंग, डिलिव्हरी, शिकवणीच्या कंपन्या यांनाही बहुतेक गोष्टी जशाच्या तशा लागू पडतात.

नेमकं काय जमत नाही ते ओळखा

'काहीच येत नाही' हे निदान नव्हे. नव्या कंपनीतल्या मॅनेजरची अडचण साधारणपणे चारांपैकी एक असते. त्याला काम कळत नाही: सेल्समधून आलेला असतो आणि प्रोग्रामरांची टीम हातात दिलेली असते. किंवा काम उत्तम कळतं, पण निर्णय घ्यायला तो घाबरतो. चांगला प्रोग्रामर होता म्हणून वर्षभरात मॅनेजर झालेल्यांचं हे नेहमीचं. तिसरा प्रकार, निर्णय घेतो पण टिकवत नाही. आणि चौथा, जो नव्या कंपन्यांत सर्वांत जास्त दिसतो: त्याला वर 'नाही' म्हणता येत नाही. फाउंडरचा फोन आला की सकाळचं सगळं नियोजन मोडतं आणि त्या फोनवर दिलेला शब्द तुमच्या रात्रीच्या झोपेतून वसूल होतो.

तिसरा आणि चौथा प्रकार बाहेरून सारखेच दिसतात, पण उपाय वेगळे आहेत. तिसऱ्याला लेखी नोंदीने बांधता येतं. चौथ्याला नोंद नको असते, त्याला वर दाखवायला काहीतरी हवं असतं.

ओळखण्यासाठी दोन आठवडे रोज एक ओळ लिहा. साधी वही चालते. वार, वेळ, काय सांगितलं, नंतर काय बदललं, कोणामुळे बदललं, किती तास वाया गेले. नोंद इतकी कोरडी असावी:

मंगळवार ११.२०. स्टॉक रिपोर्ट आधी करा. ४.४५ ला बदल: बिलाचा फॉरमॅट आधी, क्लायंटचा फोन फाउंडरला. रिपोर्ट अर्धा झालेला, बाजूला ठेवला. ३ तास.

पंधरा दिवसांनी 'कोणामुळे' हा रकाना वाचा. तिथे बहुतेक वेळा फाउंडर असेल तर अडचण चौथ्या प्रकारची. मॅनेजर स्वतःच असेल तर तिसऱ्या. रकाना जवळजवळ रिकामा आणि कामं मात्र उत्तराची वाट पाहत अडकलेली असतील तर दुसऱ्या. या वहीत क्लायंटचा डेटा, पासवर्ड, कोड काहीही लिहू नका, आणि भांडणात ती वही काढू नका. तिचा उपयोग तुम्हाला कळावं एवढाच आहे. 'माझ्याकडे सगळं लिहिलेलं आहे' असं एकदा तोंडातून गेलं की मॅनेजर तुमच्याशी मोकळेपणाने बोलायचं थांबवतो आणि तुम्हाला मिळणारी माहितीच आटते.

रोजचं काम: पाच ओळींचा मेल आणि तीन कामांची मर्यादा

सर्वांत उपयोगी सवय म्हणजे संध्याकाळी निघण्याआधीचा छोटा मेल. व्हॉट्सॲप ग्रुपवर नको, तिथे तो वीस मेसेजखाली गाडला जातो. कंपनीच्या मेलवरून, विषयात तारीख, मजकूर पाच ओळींचा. ऑफिसचा कारभार हिंदी-इंग्रजीत असेल तर त्या भाषेत लिहा. रचना मात्र हीच ठेवा:

'सर, आज बिलाचा फॉरमॅट पूर्ण झाला, टेस्टिंग बाकी. आज तोंडी ठरलेलं: स्टॉक रिपोर्ट सोमवारवर. उद्या: टेस्टिंग, मग जीएसटीच्या दोन चुका. अडकलंय: क्लायंटकडून लोगोची फाइल. तुमच्याकडून हवंय: डिस्काउंट बिलाच्या ओळीवर दाखवायचा की एकूण रकमेवर? उद्या १२ पर्यंत वेगळं सांगितलं नाहीत तर एकूण रकमेवर दाखवतो.'

शेवटचं वाक्य सर्वांत मोलाचं. निर्णय न घेणाऱ्या माणसाला प्रश्न विचारला की तो प्रश्न पडून राहतो. पर्याय, तुमची शिफारस आणि वेळ एकत्र दिली की काही न बोलणं हाच त्याचा निर्णय होतो आणि काम पुढे सरकतं. पण ही पद्धत फक्त परत फिरवता येणाऱ्या गोष्टींना वापरा. किंमत, ग्राहकाचा डेटा, जुन्या नोंदी पुसणं, कोणाला पैसे देणं, करार या बाबतीत स्पष्ट 'हो' लेखी आल्याशिवाय हात लावायचा नाही, मग काम दोन दिवस थांबलं तरी चालेल. ती जोखीम तुमच्या पगारात बसत नाही.

मेलमधली दुसरी ओळ, 'आज तोंडी ठरलेलं', ही निर्णय न टिकवणाऱ्यासाठी आहे. ती रोज असेल तर तिला आरोपाचा वास येत नाही. फक्त वाद झाला त्या दिवशी लिहिलीत तर येतो. म्हणून सगळं सुरळीत असतानाही लिहा.

एका वेळी हातात तीनच कामं ठेवा: एक चालू, एक अडकलेलं, एक पुढचं. चौथं आलं की 'होणार नाही' म्हणू नका. यादी समोर ठेवून विचारा, 'हे घेतो, यातलं कोणतं मागे टाकू?' 'सगळंच करा' असं उत्तर आलं तर क्रम तुम्ही लावा आणि संध्याकाळच्या मेलमध्ये तो क्रम लिहा. फाउंडरला घाबरणाऱ्या मॅनेजरला ही यादी फार उपयोगी पडते. फोनवर 'हे केलं तर ते आठ दिवस मागे जातं' असं सांगायला त्याच्या हातात कागद लागतो, तो तुम्ही पुरवायचा. त्याला वर बोलायला जड जातं हे मनात धरून मदत केलीत तर त्याचा निम्मा गोंधळ तुमच्यापर्यंत पोचतच नाही.

काम न कळणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याला तांत्रिक कारणं सांगून उपयोग नसतो, परिणाम सांगायचे. 'डेटाबेसची रचना बदलावी लागेल' याऐवजी 'आत्ता घाईत केलं तर जुनी बिलं उघडणार नाहीत आणि क्लायंट महिनाअखेरीला अडकेल' असं सांगा. आठवड्यातून वीस मिनिटं त्याला प्रत्यक्ष स्क्रीनवर काम दाखवा, शब्दांत समजावत बसू नका. महिन्याभरात तो बरे प्रश्न विचारायला लागला तर तो शिकणारा आहे, त्याच्यासोबत राहण्यात अर्थ आहे. महिन्यानंतरही तेच प्रश्न येत असतील तर पुढची वीस मिनिटं वाचवा.

अंदाज देताना सर्वांत जास्त घात होतो. तोंडी सांगितलेला आकडा संध्याकाळपर्यंत क्लायंटला दिलेलं वचन बनतो. त्यामुळे क्लायंट समोर असताना आकडा सांगायचाच नाही. 'उद्या ११ ला लेखी देतो' एवढं पुरे. घरी किंवा जागेवर बसून कामाचे अर्ध्या-अर्ध्या दिवसाचे तुकडे पाडा. ज्या कामाचे तुकडे पडत नाहीत ते तुम्हाला अजून समजलेलं नाही. त्याला आकडा देऊ नका, समजून घ्यायला एक दिवस मागा. मग तुकड्यांच्या बेरजेत टेस्टिंग, क्लायंटच्या जागी बसवणं आणि एक फेरी दुरुस्ती धरा. नेहमी दोन आकडे द्या: सगळं नीट गेलं तर सहा दिवस, क्लायंटची फाइल उशिरा आली तर नऊ. कारणासकट दिलेला दुसरा आकडा कापला जात नाही; नुसता वाढवून सांगितलेला मात्र लगेच कापला जातो.

डेमोच्या २४ तास आधी बदल बंद. डेमोची प्रत वेगळी ठेवा, त्यात खोटा पण खरा वाटेल असा डेटा भरा आणि पूर्ण डेमोचं पाच मिनिटांचं स्क्रीन रेकॉर्डिंग करून ठेवा. नेट गेलं किंवा मॅनेजरने ऐनवेळी भलतंच बटण दाबलं तरी दाखवायला काहीतरी राहतं.

ही सगळी पद्धत दोन ठिकाणी फसते. मेल लांबतो, पाचाच्या पंधरा ओळी झाल्या की कोणी वाचत नाही. आणि रागाच्या भरात त्यात फाउंडरला कॉपी घातली जाते. रोजच्या मेलमध्ये कॉपी घातलीत की मॅनेजर बचावाच्या पवित्र्यात जातो आणि फाउंडरच्या लेखी तुम्ही तक्रार करणारे ठरता. त्याच्यापर्यंत जायची वाट वेगळी आहे.

फाउंडरकडे कधी आणि कसं जायचं

तीन कारणांसाठीच जा: ग्राहकाचा डेटा किंवा पैसा धोक्यात आहे, कायद्याचा भंग होतोय (खोटी बिलं, कापलेला पीएफ न भरणं), किंवा मोठा क्लायंट हातचा जाणार हे तुम्हाला दिसतंय आणि त्यांना दिसत नाही. 'वागणं बरोबर नाही' एवढ्यासाठी गेलात तर नव्या कंपनीत उत्तर ठरलेलं असतं, 'थोडं सांभाळून घ्या'. शिवीगाळ, लैंगिक छळ यांना मात्र हा नियम नाही. तिथे थेट लेखी तक्रार. दहा किंवा अधिक माणसांच्या ऑफिसात लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असणं २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे.

आधी मॅनेजरला सांगा की या विषयावर वर बोलणं मला गरजेचं वाटतं. मग पंधरा मिनिटं मागा आणि एक पान न्या. वर घडलेलं, मध्ये त्याची तासांत किंवा रुपयांत किंमत, खाली तुमचा प्रस्ताव. मॅनेजरचं नाव पानावर नको. 'गेल्या महिन्यात अर्धवट टाकलेल्या कामांत टीमचे ९० तास गेले. आठवड्याचा क्रम सोमवारी ठरवून शुक्रवारपर्यंत न बदलण्याची परवानगी द्या' असं मागणं मान्य होऊ शकतं. हा ९० चा आकडा मात्र तुमच्या वहीतून आलेला असला पाहिजे.

मॅनेजर हा फाउंडरचा कॉलेजचा मित्र, मेहुणा किंवा भाऊ असेल तर फारशी आशा धरू नका. तो जाणार नाही. तिथे तुमचा वेळ स्वतःच्या तयारीवर लावा.

इंदूरच्या मराठी मंडळींसाठी एक गोष्ट आवर्जून. इथला समाज मोठा असला तरी रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर इथल्या ओळखी एकमेकांत गुंतलेल्या आहेत. नोकरी कुणा काकांच्या शब्दावर लागलेली असेल तर सोडताना त्यांना आधी सांगा, कारण थोडक्यात द्या. पण गणपतीत, लग्नात, मंडळाच्या कार्यक्रमात मॅनेजरचं गाऱ्हाणं नको. पुढची मुलाखत घेणाऱ्यापर्यंत ते दुसऱ्याच रूपात पोचतं.

पैसा किती उरलाय

आतली माणसं सोपा हिशेब करतात. बँकेत ४२ लाख, महिन्याचा खर्च साडेअकरा लाख, आवक साडेचार लाख: दर महिन्याला सात लाख जातात, म्हणजे सहा महिने. गुंतवणुकीची बोलणी पैसा खात्यात येईपर्यंत सहज सहा महिने चालतात, त्यामुळे 'सहा महिने आहेत' याचा अर्थ धोक्याची घंटा वाजली असा घ्या. बँकेतला आकडा तुम्हाला माहीत नसतो, पण खर्चाचा अंदाज येतो: माणसं गुणिले सरासरी पगार, भाडं, सर्व्हर, जाहिराती. फाउंडरला सरळ विचारा, 'पुढच्या सहा महिन्यांच्या पगारांची सोय आहे का?' आकडा किंवा महिना सांगितला तर चांगलं लक्षण. 'राउंड बस क्लोज हो रहा है', म्हणजे गुंतवणूक येतेच आहे, हे तिसऱ्यांदा ऐकलंत तर ती सोय नाही असं धरा.

बाहेरून मात्र चार गोष्टी कोणालाही तपासता येतात, आणि त्या तोंडी आश्वासनांपेक्षा खऱ्या असतात.

पहिली, पीएफ पासबुक. वीस किंवा अधिक माणसांच्या कंपनीला पीएफ लागू होतो आणि एका महिन्याचा भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत व्हावा लागतो. बऱ्याच नव्या कंपन्या १५,००० रुपयांच्या मर्यादेवर १२ टक्के, म्हणजे १,८०० कापतात. मग पासबुकात त्या महिन्यासमोर तीन आकडे दिसले पाहिजेत: तुमचे १,८००, कंपनीचे ५५०, पेन्शनचे १,२५०. उमंग ॲपवर किंवा ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) पासबुक साइटवर महिन्याच्या २०-२५ तारखेला पाहा. स्लिपवर कपात आहे आणि पासबुकात नोंद नाही, असे दोन महिने गेले तर तुमचे पैसे कंपनी चालवायला वापरले जात आहेत. डळमळणारी कंपनी पगाराच्या आधी पीएफ थकवते, कारण ते लगेच कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

दुसरी, टीडीएस, म्हणजे पगारातून कापलेला आयकर. कापलेला कर सहसा पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा असतो, पण तुमच्या २६एएस मध्ये (आयकराच्या पोर्टलवरचं, तुमच्या नावे जमा झालेल्या कराचं पत्रक) तो तिमाही विवरण भरल्यावर दिसतो. एप्रिल ते जूनचं विवरण ३१ जुलैपर्यंत, पुढची ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि ३१ मेपर्यंत. म्हणून ऑगस्ट, नोव्हेंबर, फेब्रुवारी आणि जूनच्या मध्यावर २६एएस उघडायचा. महिन्याला पाहिलंत तर उगाच घाबराल.

तिसरी, जीएसटी. कंपनीच्या कुठल्याही बिलावर जीएसटी क्रमांक असतो. मध्य प्रदेशातल्या नोंदणीचा २३ ने सुरू होतो. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता 'सर्च टॅक्सपेयर' मध्ये तो टाका, विवरणं कोणत्या महिन्यापर्यंत भरली आहेत त्याचा तक्ता दिसतो. तीन-चार महिने मागे असेल तर गंभीर.

चौथी, कंपनी मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवरची कंपनीची मूलभूत माहिती. शेवटचा ताळेबंद कोणत्या वर्षाचा, संचालक कोण, मालमत्तेवर कोणाचा बोजा नोंदला आहे. मध्य प्रदेशातल्या कंपन्यांचं निबंधक कार्यालय ग्वाल्हेरला आहे, पण हे पाहायला तिथे जावं लागत नाही. एखाद्या संचालकाने अलीकडेच राजीनामा दिला असेल तर कारण शोधा.

ऑफिसातही खुणा असतात: सॉफ्टवेअरची लायसन्स मध्येच बंद पडणं, सर्व्हरचं बिल थकल्याचे मेल, अकाउंटंट बदलणं, पगार दोन हप्त्यांत येणं. आरोग्य विम्याची गट पॉलिसी कधी संपते ते एचआरकडून घ्या. तीच पहिली निसटते आणि हॉस्पिटलात दाखल झाल्यावर कळतं. घरात आजारपण असेल तर त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची चौकशी नूतनीकरणाच्या दोन महिने आधी करा.

स्वतःचा हिशेब

घरखर्च, हप्ते आणि भाडं मिळून महिन्याला २८,००० लागत असतील तर चार महिन्यांचे १,१२,००० बाजूला असेपर्यंत स्वतःला मोकळं समजू नका. आपल्याकडे पुण्याला किंवा बंगळूरला जायचा विचार लगेच होतो. त्यात घराचं डिपॉझिट, सामान हलवणं आणि पहिल्या पगारापर्यंतचा महिना धरावाच लागतो.

आमचा ठाम सल्ला असा: पगार पहिल्यांदा दहा दिवसांपेक्षा लांबला की बायोडाटा ताजा करा. दुसऱ्यांदा लांबला की मुलाखती द्या. दीड महिन्याच्या पगारापेक्षा जास्त बाकी कधीही साचू देऊ नका. त्यापुढे वाट पाहणारी माणसं गेलेला पगार मिळेल या आशेने आणखी पगार घालवतात.

काही गोष्टींना कितीही आपुलकीने विचारलं तरी नकार द्या. कंपनीचा सर्व्हर, जाहिरात, तिकिटं स्वतःच्या क्रेडिट कार्डवर घेऊ नका. आधीच घेतली असतील तर त्या खात्यांतून तुमचं कार्ड आजच काढून टाका आणि परतफेडीचा मेल पाठवा. कंपनीला उसने देऊ नका. 'फक्त कागदावर' संचालक होऊ नका, त्या सहीबरोबर कायदेशीर जबाबदारी येते. कर्जाला जामीन राहू नका. पगाराऐवजी शेअर्सचे पर्याय (पुढे ठरलेल्या किमतीला शेअर घेण्याचा हक्क) देऊ केले तर लक्षात ठेवा: ते दिल्यापासून किमान एक वर्ष हातात येत नाहीत, आणि घ्यायच्या वेळी बाजारभाव व तुमची किंमत यांतल्या फरकावर पगारासारखा कर लागतो. बुडत्या कंपनीत त्यांची किंमत शून्य धरून निर्णय घ्या.

पगार थकला तर

वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. तिच्याप्रमाणे महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत द्यायचा असतो, आणि राजीनामा दिला किंवा काढून टाकलं तर देणं असलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत. 'फुल अँड फायनल ४५ दिवसांनी' ही कंपन्यांची सवय आहे.

आठव्या दिवशी नम्र मेल: कोणत्या महिन्याचा, किती रक्कम, कधी मिळेल. उत्तर तोंडी आलं तर ते लिहून परत पाठवा. पंधराव्या दिवशी दुसरा मेल, फाउंडरला उद्देशून. महिना झाला की वकिलाची नोटीस किंवा श्रम कार्यालयात अर्ज. मध्य प्रदेशच्या श्रमायुक्तांचं मुख्यालय इंदुरातच आहे, त्यामुळे इथल्या कर्मचाऱ्याला धावपळ कमी. अर्जाला नियुक्तीपत्र, स्लिपा, ज्यात पगार जमा होणं थांबल्याचं दिसतं असं बँक स्टेटमेंट आणि तुमचे मेल जोडा. तीन-चार जणांनी एकत्र अर्ज केला तर कोणा एकावर डूख धरला जात नाही आणि प्रकरणाला वजन येतं. सरकारी कार्यालयात अर्ज पडून राहिला तर सीएम हेल्पलाइन १८१. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते, चौकशीचा क्रमांक १५१००.

कापून न भरलेल्या पीएफची तक्रार वेगळी, ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर, यूएएन (तुमचा पीएफचा कायमचा क्रमांक) आणि स्लिपांसह. कर्मचाऱ्याचा वाटा कापून न भरणं हा विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा धरला जातो, त्यामुळे या तक्रारीची दखल कंपनी सहसा पगाराच्या मेलपेक्षा लवकर घेते.

कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेल्याची जाहीर सूचना निघाली तर त्यात दिलेल्या मुदतीत 'फॉर्म डी' भरून आपली थकबाकी नोंदवा. नोंदवली नाही तर वाटपात तुमचं नावच नसतं. आपणहून कंपनीला दिवाळखोरीत न्यायचं म्हटलं तर थकबाकी किमान एक कोटी रुपयांची लागते, एकट्या कर्मचाऱ्याची ती क्वचितच तेवढी असते. त्या वाटेचा सल्ला कोणी दिला तर पैसे खर्च करण्याआधी हे विचारा.

निघताना

राजीनामा देण्याआधीच, कंपनीचा मेल चालू असताना, फक्त तुमची स्वतःची कागदपत्रं वैयक्तिक मेलवर घ्या: नियुक्तीपत्र, पगारवाढीची पत्रं, सगळ्या स्लिपा, फॉर्म १६, विम्याचं कार्ड. कोड, ग्राहकांची यादी, डिझाइन यांतलं काहीही नेऊ नका. थकबाकीच्या भांडणात कंपनीच्या हाती तुमच्याविरुद्ध लागणारं तेच सर्वांत सोपं हत्यार असतं.

राजीनाम्यात मॅनेजरबद्दल एक शब्दही नको. तारीख, नोटीस पिरियड, आणि पगार बाकी असेल तर रक्कम लिहून लवकर मोकळं करण्याची विनंती. पगारच न मिळता ६० दिवसांची नोटीस भरत बसलात तर बाकी वाढतच जाते. पुढच्या कंपनीला हे आधीच सांगून ठेवा. रिलीव्हिंग लेटर उशिरा येईल, त्याऐवजी स्वीकारलेल्या राजीनाम्याचा मेल आणि बँक स्टेटमेंट चालेल का ते लेखी विचारून घ्या.

काम सोपवताना दोन पानांची टिपणी करा: काय कुठे आहे, काय अर्धवट आहे, कोणत्या तारखेला काय संपतंय. लॅपटॉप, ओळखपत्र, चाव्या परत केल्याची पोच घ्या, सही मिळत नसेल तर फोटोसह मेल करा. ज्या खात्यांची चावी तुमच्या मोबाइलवरच्या ओटीपीत आहे ती सगळी दुसऱ्याच्या नावावर करून द्या. नाहीतर सहा महिन्यांनी रात्री अकराला ओटीपी मागणारा फोन येतो.

बाहेर पडल्यावर पीएफ खात्यात नोकरी संपल्याची तारीख लागली का ते पाहा. कंपनीने लावली नाही तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतः पोर्टलवर लावता येते. कामाच्या शेवटच्या दिवसाची तारीख आणि ही तारीख एकच असू द्या, नाहीतर नव्या कंपनीच्या पडताळणीत एकाच वेळी दोन नोकऱ्या दिसतात. पुढच्या जूनच्या मध्यावर २६एएस पुन्हा उघडा. कापलेला कर त्यात नसेल तर स्लिपा आणि बँक स्टेटमेंट हाच तुमचा पुरावा. थकलेल्या वेतनाच्या दाव्याला वेतन संहितेत तीन वर्षांची मुदत आहे, तोपर्यंत यातला एकही कागद टाकू नका.